दहाचं तिरळं नाणं

आमच्या साक्रीत दहा रुपयांचं नाणं हे नाणं नसतं, ती एक अफवा असते. सरकार ते पाडतं, बँक ते देते आणि बँकेच्या दारातला चहावाला ते घेत नाही! "चालत नाही, ताई." का चालत नाही? समोरचा घेत नाही म्हणून. समोरच्याला विचारावं, तर तो चहावाल्याकडे बोट दाखवतो!

अशा वेळी मी पत्रक काढते. (अशा वेळी म्हणजे कुठल्याही वेळी. नळाच्या कमी दाबावरही काढलंय. दाब तसाच आहे.) मथळा दिला : 'दहा म्हणजे दहाच! नाणं नाकारणाऱ्यांनो, उत्तर द्या!'

पुरावा घरातच निघाला. बाबांची थोरली बहीण, आमची अक्का, आमच्याकडेच राहते. तिच्या बटव्यात एक दहाचं नाणं होतं. बाहेरचं पिवळं कडं जागेवर, पण मधली पांढरी चकती एका बाजूला सरकलेली, वरचा छापही तिच्याबरोबर घसरलेला. सरळ सांगायचं तर नाणं तिरळं होतं! भाजीवाली, गिरणीवाला, कंडक्टर, सगळ्यांनी ते परत केलेलं. सकाळी बाहेर पडलं की संध्याकाळी घरी हजर. माझ्या भावापेक्षा नेमानं!

"हाई नाणं कोणी लेत नाही, पोरी," अक्का म्हणाली.

"कसं घेत नाहीत तेच बघते!"

मी, अक्का, चार कार्यकर्ते आणि एक भोंगा, असे आम्ही बन्सीभाऊंच्या किराणा दुकानावर धडकलो. बन्सीभाऊंनी नाणं उजेडात धरलं.

"ताई, हाई तिरळं शे."

"माणूस तिरळा असला तर त्याला मतदान करू देत नाहीत का?"

"करू देतात, पण..."

"घोषणा!" मी ओरडले.

घोषणा झाल्या. रस्ता अडला. दोन म्हशी आणि एक ट्रॅक्टर नाइलाजानं आंदोलनात सामील झाले. शेवटी बन्सीभाऊंनी घाम पुसत नाणं गल्ल्यात टाकलं आणि अक्काच्या हातावर जिऱ्याची पुडी ठेवली. जिरं चिमूटभर होतं, पण विजयाचं होतं! नाण्याचा फोटो मी आधीच काढला होता, तो मोबाइलवरून सगळीकडे धाडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी जळगावहून एका गृहस्थांचा फोन. "ताई, फोटोतलं नाणं विकायचंय का? टांकसाळीतच चुकलेलं दिसतंय. अशा चुकीला आम्ही संग्राहक चांगली किंमत देतो."

मी खवळले. "नाण्याचे लाखो मिळतील, आधी नोंदणीचे पैसे भरा! हेच ना? तुमच्यासारख्यांवर माझं वेगळं पत्रक आहे!"

"लाख नाही हो," गृहस्थ शांतपणे म्हणाले. "चार-पाच हजार. आणि तुम्ही काहीच भरू नका. मी येतो, भिंगातून बघतो. कुणी घरी ठोकून सरकवलेलं नसेल, तर हातावर रोख देतो."

फोन स्पीकरवर होता आणि अक्का शेजारीच चहात पोळी बुडवत होती. (तिची कवळी मोडून उन्हाळा गेला. नवीचा खर्च ऐकून बाबा 'बघू' म्हणाले, तेव्हापासून ती नुसती बघतेय.) ती ताडकन उठली. "पोरी, तेवढ्यात तर माझी कवळी होई!"

आम्ही पुन्हा दुकानावर. या वेळी भोंग्याशिवाय.

"बन्सीभाऊ, कालचं नाणं द्या. ही घ्या दहाची नोट."

"कशाले? काल तर दहा म्हणजे दहाच व्हतं!"

"आहेच. पण..."

"पण परत पाहिजे! म्हणजे खोटं शे ना?"

गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. खोटं म्हणावं तर मोहीम बुडणार! खरं कारण सांगावं तर बन्सीभाऊ ते नाणं तिजोरीत घालून बसणार! मी तत्त्व आणि जबडा यांच्या मधोमध उभी. अक्काला असला पेच पडला नाही.

"खोटं शे! बठ्ठं खोटं शे! दे इकडे!"

"अक्का, तत्त्व!" मी कुजबुजले.

"तुना तत्त्वले दात शेतस का?"

बन्सीभाऊंनी गल्लाच उघडून दाखवला. "शे कुठे पण? कालच पानवाल्याले सुट्ट्यात दिलं. नको म्हणे! मग तुमचं पत्रक दाखवलं, गुपचूप खिशात घातलं."

पानवाल्यानं ते रिक्षावाल्याला दिलेलं, रिक्षावाल्यानं कंडक्टरला, आणि कंडक्टर सकाळच्या गाडीनं पिंपळनेरला गेलेला. तिथून पुढे ते कुणाच्या हाती पडलं, कोण जाणे! ज्याला विचारावं तो छाती फुगवून सांगायचा, "आता चालतं ना, ताई! तुम्हीच तर चालू केलं!"

मी स्टँडवरच्या बाकावर मटकन बसले. आजवर माझ्या सगळ्या मोहिमा सपशेल पडल्या होत्या. ही एकच जिंकली.

शेजारी अक्का टेकली. तिनं बोळक्यावरून पदर फिरवला. मग म्हणाली, "पोरी, यावेळी पण तू हरली असती ना, तर माले दात आले असते."