सही माझीच

वहिनीचा फोन आला तेव्हा मी तळा गावच्या शाळेत सहामाहीचे पेपर तपासत होतो. तिचं नाव दिसल्याबरोबर मनात आलं, आता कशावर सही हवी असेल? दादा पहाटे गेल्याचं तिने सांगितलं, आणि मी बराच वेळ हातातला लाल पेन उघडबंद करत राहिलो. त्याला सव्वा महिना झाला. भाऊ गेल्यावर रडू आधी यायला हवं होतं... माझ्याकडे आधी संशय आला. तो कुठून आला ते लिहिल्याशिवाय मला दादाबद्दल काहीच खरं लिहिता येणार नाही.

दिवेआगरच्या अलीकडे खाडीला लागून आमचा बर्फाचा कारखाना होता. वडिलांच्या मागे तो आम्हा दोघांच्या नावावर, भागीदारीत झाला, पण चालवला दादानेच. मी मास्तर, सुट्टीत यायचो आणि मासळी खाऊन परत जायचो. दादा बर्फाच्या लादीवर बोटाची गाठ वाजवून, नुसत्या आवाजावर, आत पाणी राहिलंय का ते सांगायचा. वादळात कारखान्याचं छप्पर उडालं. त्याने मोठं कर्ज काढून नवं यंत्र बसवलं, पण तोवर होड्या दुसरीकडून बर्फ घ्यायला लागल्या होत्या. दोन वर्षांत बँकेच्या नोटिसा सुरू झाल्या. मी म्हटलं, "दादा, नादारीचा अर्ज करू. कोर्टाला सगळं दाखवू आणि मोकळे होऊ." तो म्हणाला, "दिवाळं काढायचं न्हाय." कारण विचारलं की उठून जायचा. हप्ते भरणं शक्य नव्हतं, अर्ज करायचा नव्हता, मग याच्या मनात होतं तरी काय? जागेला मुंबईचं गिऱ्हाईक आहे असं गावात कानावर आलं होतं. मला वाटू लागलं, हा आतून काहीतरी करतोय.

शेवटी मी त्याला न सांगता अलिबागला आमच्या वकिलांकडे गेलो. त्यांनी फाइल चाळली आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "मास्तर, तुमचा यात संबंधच काय? तुम्ही भागीदारीतून केव्हाच बाहेर पडलात." त्यांनी कागद पुढे केला. कर्जाच्या दोन महिने आधीचं निवृत्तीपत्र होतं ते. खाली माझी सही होती. ती मी केलेली नव्हती.

तिथून मी थेट कारखान्यात गेलो. दादा रिकाम्या साच्यांना तेल लावत होता. मी ओरडलो, "माझा हिस्सा खाल्लास?" तो शांतपणे म्हणाला, "कर्ज काढायचं व्हतं. बुडालो तर एकट्याने बुडावं. तुझं घर हाय, पोरी हायत." "मग मला विचारलं का नाहीस?" "तू न्हाय म्हणाला असतास." "आणि ते जागेचं गिऱ्हाईक?" तो हात पुसत राहिला. "ते त्या कागदाच्या मागनं आलं." म्हणजे अर्ज केला असता तर तो कागद कोर्टापुढे गेला असता, खोटी सही उघडी पडली असती. म्हणूनच तो थांबला होता. माझ्यासाठी, की स्वतःसाठी? त्याच्या तोंडाकडे बघून काहीच कळेना.

वहिनीने त्या आठवड्यात मला एवढंच विचारलं, "भावजी, ह्यांना आत टाकतील का?"

शेवटी दादा अर्जाला तयार झाला आणि आम्ही दोघे भाऊ अलिबागला गेलो. वकील म्हणाले, "अर्जाबरोबर हे पत्र जोडायचं, तर मला तुमच्या तोंडून ऐकायला हवं. सही तुमचीच ना?" दादा खिडकीबाहेर बघत होता. मी म्हटलं, "हो, माझीच." पुढे कोर्टानेही तेच विचारलं आणि मी तेच सांगितलं. दादा एकटा नादार ठरला, कारखाना जागेसकट लिलावात गेला. माझ्या पगाराला कुणी हात लावला नाही. निकालाच्या दिवशी स्टँडवर त्याने मला भजी घेऊन दिली, स्वतः खाल्ली नाही. आभार मानले नाहीत. मीही पुन्हा कधी विषय काढला नाही. नंतरची दोन वर्षं तो रोज सकाळी बंदरावर जायचा आणि म्हसळ्याहून टेम्पोने आलेल्या दुसऱ्याच्या बर्फावर बोट वाजवून बघायचा. "कच्चा हाय," एवढंच म्हणायचा.

तेराव्यानंतर वहिनीने मला त्याची पत्र्याची पेटी दिली. ती त्याच्या खोलीत, खाटेवर बसून उघडली. वर बिलं होती, खाली मुंबईच्या गिऱ्हाइकाचं पत्र. त्याची तारीख निवृत्तीपत्राच्या आधीची होती. अकरा दिवस आधीची. मी पुन्हा पुन्हा वाचली. कोपऱ्यात दादाच्या अक्षरात दोनच शब्द होते, 'आत्ता नको'. म्हणजे दादा माझ्याशी खोटं बोलला होता. पण जागा विकलीही नव्हती. जागा विकून पैसे घेऊन बसायचं, की कर्ज काढून कारखाना उभा करायचा, हे त्याचं त्यालाच ठरत नसेल... आणि दोन्हींपैकी काहीही झालं तरी मी त्यात नको होतो. हे प्रेम म्हणायचं की हिशेब, ते मला अजून सांगता येत नाही.

वहिनी दारात येऊन उभी राहिली. "काय हाय त्यात?"

"काही नाही," मी म्हटलं. "जुनी बिलं आहेत." आणि पेटी तिच्या हातात न देता खाटेखाली सरकवली.