‘येते’ म्हणून गेलेली पाहुणी

आमच्या शेजारच्या शिवणकाकू मशीनवर बसायच्या त्यासुद्धा एक कान दाराकडे ठेवून. कुत्रं भुंकलं की त्यांचा पाय पायडलवर थांबायचा. पलीकडचे सुतारदादा चेष्टा करायचे, "काकू, तुम्ही स्वतःच्या सावलीलाही दचकता का?"

"नाही. ती आधी खाकरते," काकू म्हणायच्या.

त्यांचे यजमान एका सकाळी "जातो गं" म्हणून कामावर गेले आणि आले ते चौघांच्या खांद्यावर. तेव्हापासून त्या घरात 'जातो', 'जाते' हे शब्दच बंद. कुणीही निघालं की 'येतो', 'येते' म्हणायचं, नाहीतर काकू उंबऱ्यात आडव्या उभ्या राहायच्या.

शाळेच्या खोल्या बांधायला परदेशातून मुलंमुली आली, तेव्हा त्यांतली एक मुलगी काकूंकडे राहिली. नाक उन्हानं सोललेलं, विटा उचलून तळहाताला फोड. काकूंनी तिला पहिला शब्द शिकवला तो हाच. ती रोज बूट घालून म्हणायची, "येते." काकूंचा जीव भांड्यात पडायचा. पण दारातून निघतानाच तो कानावर पडल्यामुळे तिला वाटलं, येते म्हणजे जाते.

त्या सुट्टीच्या दुपारी काकू शाळेचे पडदे शिवत होत्या. आतल्या खोलीकडे तोंड करून त्यांनी हाक मारली, "जेवायला ये गं."

मागच्या दाराकडून आवाज आला, "येते."

काकूंनी ताट वाढलं. मुलगी येईना. अंघोळ करत असेल, परक्या मुलीच्या खोलीत कसं डोकवायचं, म्हणून बसून राहिल्या. ऊन कललं तेव्हा दार लोटलं. खोली रिकामी. दोरीवरचा टॉवेल नाही.

काकू माझ्याकडे आल्या त्या अनवाणी. "खाण," एवढंच म्हणाल्या.

गावामागच्या बंद दगडखाणीत पाणी साठलेलं. त्या मुलीनं तिकडे बोट दाखवून पोहण्याचे हातवारे केले होते, काकूंनी नको म्हणून मान हलवली होती. मी सुतारदादांना दोर घ्यायला सांगितलं आणि आम्ही तिघं निघालो. वाटभर मी मनात देवाचं नाव घेत होते, पण ते पुरं होत नव्हतं.

काठावर बूट होते. पाणी काळं, हलतसुद्धा नव्हतं. काकू वाकून म्हणाल्या, "बाळ."

काही नाही. पुन्हा हाक मारली. मग खालून, कपारीतून, अगदी बारीक आवाज आला. "येते."

मला हायसं वाटलं. पण वर कुणी येईना. पुन्हा तेच, आणखी हळू. "येते."

काकूंनी माझा दंड घट्ट पकडला. "अगं, ती येत नाहीये. ती निरोप घेतेय."

सुतारदादांनी दोर दगडाला बांधला आणि उतरू लागले. काकू काठावर पालथ्या पडून खाली बोलत राहिल्या. "येते नको म्हणूस. थांबते म्हण. थां-ब-ते."

खाली दगड निसटल्याचा आवाज, दादांची शिवी.

"म्हण ना गं, थांबते."

"तां... बते."

ती कमरेपर्यंत पाण्यात होती, एक पाय मोडलेला, हातांनी दगडाला धरून. दादांनी तिला दोरात बांधलं, आम्ही वर ओढलं. ओठ निळे पडले होते. दवाखान्यात न्यायला गाडी आली तेव्हा काकूंनी तिचं मनगट धरलेलंच होतं.

"हात सोडा काकू, झोपवू द्या तिला," दादा म्हणाले.

"तुम्ही झोपवा. मी धरलंय म्हणून काही अडत नाही."

अंधार पडल्यावर अंगणाबाहेर न पडणाऱ्या काकू तशाच गाडीत चढल्या, मागोमाग मी. वाटेत मुलीचे डोळे मिटले की त्या तिला हलवून 'थांबते' म्हणायला लावायच्या. उत्तर यायला उशीर झाला की पुन्हा हलवायच्या.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, पाय जुळेल, जिवाला धोका नाही. काकूंनी डोळे मिटून हळूच देवाचं नाव घेतलं. मग त्यांनी डॉक्टरांना ते वाक्य पुन्हा म्हणायला लावलं.