गाडीच्या वहीतला सहावा रकाना

माझ्या लाडक्या नातवंडांनो,

मी शिकले इंग्रजीत, पण हे मराठीत लिहिते आहे, कारण घडलं ते मराठीत. कुठे अडलात तर आईकडून वाचून घ्या. खरं म्हणजे हे उत्तर तिलाच द्यायचं आहे. आजोबांना जाऊन पंधरा दिवस झाले होते, तेव्हा तिने कॅनडाहून फोनवर मला विचारलं, "आई, तू चोवीस तास त्यांच्याजवळ होतीस. तुला काहीच कसं दिसलं नाही?" मी फोन ठेवून दिला. तेव्हापासून आम्ही दोघी फक्त हवेबद्दल बोलतो, हे तुमच्या लक्षात आलं असेलच.

परवा गाडी एमओटीला, म्हणजे वर्षाच्या तपासणीला न्यायची होती. कागद शोधायला मी डॅशबोर्डचा कप्पा उघडला आणि त्यात गाडीची वही निघाली. म्हणून आता लिहिते.

आपली हिरवी गाडी तुम्ही पाहिली आहे. एकोणीस वर्षांची, ऑटोमॅटिक. आजोबा निवृत्त झाले त्यानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात तिने एक विचित्र खोड काढली. मधूनच समोर पिवळा दिवा लागायचा आणि ती तिसऱ्या गिअरमध्ये अडकून बसायची. मग आमच्या लीड्सच्या चढांवर इंजिन नुसतं ओरडायचं आणि गाडी बैलगाडीसारखी सरकायची. बंद करून दहा मिनिटं थांबलं की पुन्हा शहाण्यासारखी चालायची. गॅरेजवाले सरदारजी आमचे जुने स्नेही. त्यांनी दोनदा कॉम्प्युटर लावून पाहिला, एक सेन्सर बदलला. काही फरक नाही.

"डॉक्टरसाब, मेरे सामने तो ये बिलकुल शरीफ बन जाती है," ते म्हणाले. "गिअरबॉक्स बदलो, या इसको भी रिटायर करो."

आजोबांना ते अजिबात पटलं नाही. चाळीस वर्षं त्यांनी पेशंट तपासले होते. घरी येताना म्हणाले, "डॉक्टरसमोर दुखणं पळतं, हा जुनाच अनुभव आहे. अशा वेळी मशीन नाही, हिस्ट्री कामाला येते. तू लिहीत जा."

मी का, तर मी आजोबांच्याच हॉस्पिटलच्या रेकॉर्ड ऑफिसात सव्वीस वर्षं काढली होती. मी सहा रकाने आखले. तारीख, पाऊस, गाडी कुठे उभी होती, किती मैल, काय झालं, आणि शेवटचा इतर.

"इतरमध्ये काय लिहू?" मी विचारलं.

"सगळं. का थांबलो, किती वेळ थांबलो, कोण चालवत होतं. हिस्ट्री घेताना गाळायचं नाही. फालतू वाटतं तेच नेमकं कामाचं निघतं."

"मग तुम्ही वाटेत माझ्याशी किती भांडलात तेही लिहिते."

"त्याला वेगळी वही लागेल गं."

पावसाशी काही संबंध आहे, हे महिन्याभरात दिसलं. पण पाऊस पडूनही कधी ती बिघडायची, कधी नाही. हॉस्पिटलात जुन्या मित्रांना भेटायला गेलो, तर तिथल्या छताखालच्या बहुमजली पार्किंगमधून निघताना कधीच नाही. नोव्हेंबरमध्ये एक आठवडा सलग पाऊस लागला आणि गाडी सातही दिवस ठणठणीत राहिली. एरवी आनंद झाला असता. आजोबा मात्र चिडले. स्वयंपाकघरातल्या टेबलावर वही उघडून बसले.

"या आठवड्यात वेगळं काय केलं आपण?"

"काही नाही. गाडी मी चालवली, एवढंच."

"तू चालवल्याने ती सुधारली? तुझा धाक एवढा आहे हे मला माहीत आहे, पण गिअरबॉक्सलासुद्धा?" ते हसले, आणि मध्येच थांबले. पेशंटच्या पोटावर बोटं फिरवताना एका जागी थांबायचे, तसे. "अगं, हिचं तोंड कुठे होतं?"

"कुणाचं?"

"गाडीचं. पेशंट कोणत्या कुशीवर झोपला होता?"

आपल्या घरासमोरची जागा रस्त्यापासून घराकडे उतरती आहे. तीस वर्षं आमचं यावरून भांडण. आजोबा गाडी सरळ आत घालायचे, तोंड खाली. मी रिव्हर्सने लावते, तोंड वर, म्हणजे सकाळी बाहेर काढणं सोपं. ते मला म्हणायचे, "तुला आधी पळायची तयारी लागते." त्या आठवड्यात गाडी रोज माझ्या पद्धतीने उभी होती.

ते तसेच स्लिपर घालून बाहेर गेले. मागोमाग मी छत्री घेऊन. त्यांनी बॉनेट उघडलं, वायपरखालची जाळी काढली. काचेच्या पायथ्याशी पाणी वाहून जायला एक पन्हळ असते. दारातल्या सिकामोर झाडाच्या कुजलेल्या पानांनी ती गच्च तुंबली होती. गाडीचं तोंड खाली असलं की तुंबलेलं पाणी पुढे ओघळून थेंबथेंब गिअरबॉक्सच्या वायरींच्या जोडावर पडत होतं. तोंड वर असलं की मागेच राहत होतं. एवढंच दुखणं.

त्यांनी मूठभर काळा चिखल काढून मला दाखवला. चेहरा असा उजळला होता, की तुमची आई जन्मली त्या दिवसाची आठवण झाली. सरदारजींना लगेच फोन केला. "लो जी, पेशंट ठीक। सर्दी थी।" जोड वाळवून पुन्हा नीट बसवला, आणि तो दिवा आजतागायत लागलेला नाही.

आता उत्तर.

त्या आठवड्यात गाडी मी का चालवली? वहीत माझ्याच अक्षरात आहे. सातही ओळींत, सहाव्या रकान्यात. 'पाठ दुखते म्हणाले, मी चालवली.' आम्ही दोघं त्या ओळीवर बोट ठेवून बसलो होतो. 'मी चालवली' एवढंच आम्ही वाचलं. निदान मी तरी.

परवा मी सहावा रकाना पहिल्यापासून वाचला, बाकीचे पाच हाताने झाकून. ऑगस्ट: 'वाटेत थांबलो, त्यांना दम लागला.' सप्टेंबर: 'डब्यातलं थालीपीठ परत आलं.' 'सीट मागे केली, पाठीला बरं वाटतं.' ऑक्टोबर: 'चहा नको म्हणाले.' 'सीटबेल्ट घट्ट ओढावा लागतो.' एका शिकाऊ डॉक्टरला ही यादी दिली असती तर त्याने दुसऱ्या दिवशी स्कॅनला पाठवलं असतं. जानेवारीत स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला, एप्रिलमध्ये आजोबा गेले.

तर बाळे, तू विचारलंस ना, मला काहीच कसं दिसलं नाही? मला सगळं दिसलं. मी तारीखवार लिहून ठेवलं. गाडीच्या नावावर.

आणखी एक सांगायचं आहे, ते मला सर्वांत जड जातं. त्या नोंदींपाशी पेन्सिलीच्या बारीक खुणा आहेत. प्रत्येक नोंदीच्या डावीकडे एक तिरपी रेघ. ती खूण मी आजोबांच्या हजारो केसपेपरांवर पाहिली आहे. 'वाचलं, याकडे परत यायचं' असा तिचा अर्थ. नाताळानंतर आजोबा गाडीत बसले नाहीत आणि वही गाडीतून हलली नाही. म्हणजे कुणीही काही सांगायच्या आधीच त्यांनी तो रकाना वाचला होता. मग नाताळात इथे आलेल्या तुम्हा दोघांना त्या गाडीतून बर्फ बघायला नेलं, वाटेत गाणी म्हणायला लावली, तेव्हा त्यांना माहीत होतं. मला सांगितलं नाही.

आधी कळून फारसा फरक पडला नसता, असं हॉस्पिटलातल्या मोठ्या डॉक्टरांनी मला सांगितलं. मी रेकॉर्ड ऑफिसात होते; नातेवाइकांना काय सांगतात हे मला ठाऊक आहे. मला आजोबांचा राग येतो. मग त्यांनी तो चिखल हातात धरला होता ते आठवतं, आणि राग कुठे ठेवायचा ते कळत नाही.

एमओटीत गाडी पास झाली. पन्हळ मी दर रविवारी स्वतः साफ करते. गाडी एका झटक्यात सुरू होते. वही माझ्याकडे आहे, त्या रेघा अजून स्पष्ट दिसतात.