ताईचे अठ्ठावन्न किलो

जनावरांच्या दवाखान्यात तिला नावानं कुणी हाक मारत नसे. बावीस वर्षं नर्सगिरी केलेली, सगळ्यांची ताई. मांजरानं बोचकारलं तरी म्हणायची, मला काय धाड भरलीय! दुखणं अंगावर काढण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

कुत्रं वजनकाट्यावर स्थिर उभं राहत नाही. मग ताई त्याला उचलून स्वतःच काट्यावर उभी राही आणि आकड्यातून आपले नेहमीचे अठ्ठावन्न किलो वजा करी. उरलेल्या वजनावर भुलीचं औषध ठरे. ताईनं सांगितलेलं वजन म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, डॉक्टर पुन्हा बघतसुद्धा नसत.

महिन्यापूर्वी एका म्हातारीचा तपकिरी कुत्रा गाठ काढायला आला. वजन भरलं आठ किलो. ताईला तो जड लागला होता, पण तिला वाटलं, आपलेच हात भरून आलेत. टेबलावर पोटाला चीर दिली आणि त्यानं डोळे उघडले. मान ताईच्या हातात होती, तो तिच्याकडेच बघत होता. डॉक्टरांनी घाईनं आणखी औषध दिलं आणि त्याचं हृदय थांबलं. हृदय कमजोर असणार, असं त्यांनी म्हातारीला सांगितलं. ती रिकामा पट्टा घेऊन घरी गेली.

ते डोळे काही ताईची पाठ सोडेनात. भांडी घासताना, बसमध्ये, वाफाळत्या चहाच्या कपातसुद्धा. मुलगी म्हणाली, दोन महिने झाले विजारीला दुसरी पिन लावतेस, जेवतेस तरी का? ताईनं तिला उडवून लावलं.

मग नर्सांचा थकवा मोजायला एक बाई आली. थकवा मोजणार म्हणे, ताप मोजावा तसा! शून्य ते दहा, किती थकता? ताईनं ठोकून दिलं, दोन. वजन? अठ्ठावन्न. तसं चालत नाही, म्हणाली बाई, काट्यावर उभ्या राहा.

काटा म्हणाला चोपन्न.

बिघडलाय, असं म्हणून ताईनं त्यावर दहा किलोची खाद्याची पिशवी ठेवली. बरोबर दहा. तेव्हा तिनं मनात आठात चार मिळवले. बोलली नसती तर कुणाला पत्ताही लागला नसता. पण ती सरळ डॉक्टरांच्या खोलीत गेली.

"त्याचं हृदय चांगलं होतं, डॉक्टर. तो आठचा नव्हता, बाराचा होता. मी चार किलो उतरले होते आणि मला कळलंच नाही."

डॉक्टर म्हणाले, ताई, आधी बसा. ती बसली नाही. तिनं केसपेपर काढून म्हातारीचा नंबर फिरवला.

"कोण?" पलीकडून आवाज आला.

"मी दवाखान्यातली ताई. त्याची मान धरून उभी होते ना, ती."