नोएडाच्या खड्ड्यात काढलेला मोर

दिल्लीला जायचं ठरलं ते लाल किल्ल्यासाठी नाही, गाजरांसाठी. धाकटी बहीण सुनीता दर हिवाळ्यात फोनवर तिथल्या लाल गाजरांचं इतकं कौतुक करते, की यंदा म्हटलं, बाई गं, येतेच मी, एकदाचा हलवा खाऊ घाल आणि सोडव मला. फेब्रुवारीत साताऱ्याहून गोवा एक्सप्रेस धरली. डब्यात धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि समोरच्या बर्थवर अखंड घोरणारे एक काका. दुसऱ्या दिवशी निजामुद्दीनला उतरले.

जाणाऱ्यांसाठी सांगून ठेवते. निजामुद्दीनहून टॅक्सीवाल्यांच्या तोंडी लागू नका, बाहेर पडलं की मेट्रोची पिंक लाइन आहे. मयूर विहारला गाडी बदलायची की थेट नोएडा. पन्नास-साठ रुपयांत काम होतं. फेब्रुवारीत दुपारी ऊन छान असतं, पण सकाळी स्वेटरवर शाल लागतेच. मी 'आम्ही सातारचे, आम्हाला काय थंडी' म्हणत गेले आणि पहिल्याच सकाळी सुनीताच्या नवऱ्याची कानटोपी घालून चहा प्यायले.

सुनीता केंद्र सरकारच्या नोकरीत. बरीच वर्षं सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये काढली, मग नोएडात फ्लॅट घेतला. तिची मुलगी केतकी कॉलेजात आहे, दिल्लीतच वाढलेली. पहिल्या दिवशी बाजारात जायचं म्हणून मी पर्स घेऊन तयार, तर ही म्हणाली, "मावशी, सरोजिनी मार्केट कुठे पळून नाही जाणार यार. आधी माझा पार्क बघ."

तिचा पार्क म्हणजे सोसायटीमागच्या सार्वजनिक बागेतला सिमेंटचा एक मोठा खड्डा, बशीसारखा खोलगट. चार चाकांच्या फळीवर उभं राहून पोरं त्याच्या एका काठावरून सुसाट खाली येतात आणि दुसऱ्या काठावर चढतात. स्केटपार्क म्हणतात त्याला. कधीकाळी कुणीतरी हौसेनं बांधला, नंतर कुणी ढुंकून पाहिलं नाही. भेगा पडल्या, मधे लोखंडाच्या सळ्या वर आल्या. केतकीनं तिथे एकदा मनगट मोडून घेतलं होतं.

"मग जातेस कशाला?" मी विचारलं.

"कारण इथेच मला कोणी 'नीट बस' म्हणत नाही."

आम्हाला तर जन्मभर तेच सांगितलं गेलं.

खरी गोष्ट तिनं घरी येताना सांगितली. कुणीतरी बागखात्याकडे तक्रार केली होती, की हा खड्डा धोकादायक आहे, बुजवून टाका आणि वर पार्किंग करा. कागद पुढे सरकलेही होते. केतकी आणि तिच्या मित्रमैत्रिणींनी मग घरोघरी जाऊन पाठिंबा मागितला, वर्गणी काढली, कॉलेज सांभाळून भेगा सिमेंटनं भरल्या आणि सगळी जमीन घासून गुळगुळीत केली. रविवारी अकरा वाजता बागखात्याचे साहेब पाहायला येणार होते. लोकांना हा पार्क हवा आहे असं दिसलं तर दुरुस्ती, नाहीतर मुरूम टाकून सपाट.

आता गंमत अशी, की पार्क वापरणारी फक्त पोरं नव्हती. हिवाळ्याच्या दुपारी त्या उतारावर ऊन येतं आणि वारा लागत नाही. त्यामुळे सोसायटीतल्या आंट्या चटया टाकून तिथेच मटार सोलत बसायच्या. पोरांचं आणि त्यांचं त्यावरून आधी कडाक्याचं वाजायचं, पण केतकीनं गोड बोलून त्यांनाही मोहिमेत ओढलं होतं. त्यांच्या पुढारी भाटिया आंटी. आवाज असा, की बोलल्या की कबुतरं उडावीत. पहिल्याच दुपारी त्यांनी माझ्यासमोर मटारची पाटी सरकवली. "आप केतकी की मौसी? बैठिए, हाथ चलाइए." सोललेले निम्मे मटार मी तोंडात टाकले. त्यांनी बघितलं आणि हसून दोन किनू संत्री पुढे केली. इतका गोड मटार मी आयुष्यात खाल्ला नव्हता.

मधल्या दिवसांत सरोजिनी मार्केट उरकलं. पिंक लाइननं थेट स्टेशन आहे, सोमवारी मात्र बाजार बंद असतो. भाव करताना सांगितलेल्या किमतीच्या निम्म्यापासून सुरुवात करा आणि पाठ फिरवून चालायला लागा, मागून हाक येतेच. बाहेर गाडीवर छोले-कुलचे खाल्ले, वर लिंबू आणि हिरवी मिरची. घरी हलवा झालाच. सुनीता म्हणते तेवढा नव्हता, पण दोन वाट्या खाल्ल्या.

मग आला शनिवार. पोरांची कॉलेजात परीक्षा होती. जाताना केतकी सांगून गेली, "आंट्या पार्कची बाहेरची भिंत रंगवणार आहेत, मावशी, तू पण जा, टाइमपास होईल."

गेले. पोरांनी आणून ठेवलेल्या ऑइल पेंटनं तासाभरात भिंत झाली, आणि अर्धेअधिक डबे उरले. माझी नजर गेली खड्ड्यात. घासून पुसून लख्ख केलेली जमीन, आणि तिच्यावर रेघसुद्धा नाही! सारवलेलं अंगण रांगोळीवाचून ठेवल्यासारखं. माझे हात शिवशिवायला लागले. साताऱ्यात आमच्या गल्लीत दिवाळीची मोठी रांगोळी माझ्याशिवाय होत नाही, हे माझं तोवर भाटिया आंटींना दोनदा सांगून झालं होतं.

"मोर बनाऊं?" मी विचारलं.

"पूछ क्या रही हो, बनाओ!" त्या म्हणाल्या.

मी खडूनं मोर आखला, तळापासून काठापर्यंत पसरलेला पिसारा. पंधरा-वीस बायका ब्रश घेऊन बसल्या. कुणी निळा भरतंय, कुणी हिरवा, कुणी पंजाबी टप्पे गातंय. भाटिया आंटींनी कडेनं कमळं काढली. दुपार टळेपर्यंत खड्डा असा चकाकत होता, की दृष्ट काढावी. साहेब बघतच राहतील, असं आम्ही एकमेकींना सांगत होतो.

संध्याकाळी पोरं आली. केतकी काठावर थांबली. हळूच फळी कडेच्या वाळत आलेल्या रंगावर ठेवली, तिच्यावर एक पाय टेकला, आणि फळी सटकन निसटली. केतकी कोपरावर आपटली.

"मावशी," ती तिथेच बसून म्हणाली, "यावर चाक टिकत नाही. ऑइल पेंट आहे. काच झाली याची."

मी म्हटलं, वाळला की नीट होईल. तिनं नुसती मान हलवली. डोळ्यांत पाणी होतं, आणि ते कोपराचं नव्हतं. "उद्या साहेबांना चालवून दाखवायचं होतं," ती म्हणाली, आणि उठून गेली. त्या रात्री ती माझ्याशी बोलली नाही. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, तो बैल मीच.

रविवारी उजाडताच मी रंगाच्या दुकानाचं शटर वाजवून टर्पेंटाइन, तारेचे ब्रश आणि पॉलिश पेपर आणला. एकटीच मोराच्या चोचीपासून खरवडायला बसले. थोड्या वेळानं शेजारी कुणीतरी मांडी घालून बसलं. भाटिया आंटी होत्या, हातात स्वयंपाकघरातली तारेची घासणी. "कमल मेरे थे," त्या म्हणाल्या. मग एकेक करत सगळ्याच आल्या. जुने सलवार-कमीज, डोक्याला ओढण्या बांधलेल्या, थर्मासमध्ये चहा. केतकी आणि तिच्याबरोबरची पोरंही आली. ती अजून बोलत नव्हती, पण तिनं माझ्या हातातला झिजलेला पॉलिश पेपर काढून घेतला आणि नवा दिला. काल ज्या बायका रंग भरताना गात होत्या, त्या आज रंग काढतानाही गायल्या.

अकराला साहेब आले तेव्हा निम्मा मोर शिल्लक होता, आणि खड्डाभर बायका गुडघ्यांवर बसून जमीन घासत होत्या. साहेब चक्रावले. "ये तो बच्चों का पार्क है ना? आप लोग क्या कर रही हैं?"

"बच्चों का काम हमने बिगाड़ा," भाटिया आंटी म्हणाल्या, "हम ही ठीक कर रहे हैं."

"पर हमारे पास तो शिकायत आई थी, कि ये किसी को चाहिए ही नहीं."

भाटिया आंटी कमरेवर हात ठेवून कष्टानं उभ्या राहिल्या.

"वो शिकायत मैंने की थी, साहब, जब बच्चों से झगड़ा चल रहा था. आज वापस ले रही हूँ. जहाँ लिखवाना हो, लिखवा लीजिए."

केतकी धावत गेली आणि रंगानं माखलेल्या त्या बाईच्या गळ्यात पडली. साहेबांनी चष्मा पुसला. जेवढा भाग मोकळा झाला होता तेवढ्यात केतकीनं फळी घातली, एक काठ उतरली, दुसरा चढली. बायकांनी अशा टाळ्या वाजवल्या, की पोरगी लाजली. "भरने वाली फाइल तो मैं रोक देता हूँ," साहेब म्हणाले. "मरम्मत का देखते हैं."

सरकारी 'देखते हैं' म्हणजे काय ते आपल्याला ठाऊक आहे. परतीच्या गाडीत बसले तेव्हा नखांत निळा रंग होता आणि मनात धाकधूक. स्टेशनवर सोडायला आलेल्या केतकीनं मला घट्ट मिठी मारली, "लव्ह यू मावशी, पण रांगोळी नाही हं आता," असं म्हणाली. मी हसले, पण वाईट वाटायचं ते वाटलंच. पोरीची मेहनत आपल्या हौसेनं मातीत घातली असती, हे साताऱ्यापर्यंत डोक्यात घोळत होतं.

गेल्या आठवड्यात तिचा फोटो आला. खड्ड्यात नवं काँक्रीट, सळ्या गायब, काठ एकसारखे. आंट्या एका कडेला चटईवर, पोरं दुसऱ्या. बाहेरच्या भिंतीवर सगळ्यांनी काहीबाही रंगवलंय, चाकं, ढग, भाटिया आंटींची कमळं. मधेच एक मोठा भाग पांढरा सोडलेला. मी विचारलं, इथे रंग कमी पडला का गं?

तिचं उत्तर आलं, "नाही मावशी, तिथे कोणाला हात नाही लावू दिला. ती जागा तुझ्या मोराची आहे."

मी चांगली पाच मिनिटं रडले. मग तिकीट काढलं.