न जळणारी ताडपत्री

माझं शिक्षण चौथीपर्यंत. पुढचं मशीननं शिकवलं. शहराबाहेर माझं लहान शेड आहे. प्लास्टिकचे दाणे वितळवून त्यांचा जाड कागद काढतो, शेतकरी त्याला ताडपत्रीच म्हणतात.

माझ्या थोरल्या भावाचं गुऱ्हाळ आहे. रस काढल्यावर उरलेली चिपाडं वाळवून तीच रस आटवायच्या चुलवाणात घालतात. म्हणजे चिपाडं भिजली की गुऱ्हाळ बंद. म्हणून ढिगावर ताडपत्री लागते, आणि धुराड्यातली ठिणगी आधी ताडपत्रीवरच पडते. एका हंगामात माझीच ताडपत्री पेटली, वितळून ढिगात गळली. विझवताना भावाचा हात भाजला. चारचौघांत तो म्हणाला, "धाकट्या, तुझा माल म्हणजे रॉकेल की रं."

ते बोलणं मला लागलं.

मग मी न जळणारी ताडपत्री काढायला बसलो. एक पांढरी पूड मिळते. तापली की ती पाणी सोडते आणि आग धरू देत नाही. दाण्यांत ती मिसळायची. पूड विकणारा म्हणाला, "बेतानं घाला, पावणं. लई घातली तर कडक हुतंय, तडकतंय."

मी म्हटलं, "तुम्ही पूड इका. कागद मी काढतो."

बेतानं घातली तर तुकडा काडीवर धरल्यावर हळूहळू का होईना, जळायचा. मला तसं अर्धं काम नको होतं. मी पूड वाढवत गेलो. मशीनमधला दाणे पुढं ढकलणारा स्क्रू झिजला, शेजारचे शेडवाले हसले. शेवटी एक कागद असा निघाला की आगीत काळा पडायचा पण पेटायचा नाही. हंगाम संपता संपता तो भावाच्या ढिगावर टाकला. ठिणग्या पडल्या आणि विझल्या. मी घरी निघालो तेव्हा भावानं गुळाची ढेप माझ्या गाडीत ठेवली. आमच्यात ही मोठी गोष्ट.

पावसाळ्यात गुऱ्हाळ बंद. जाताना मी सांगितलं होतं, "घडी घालू नका, गुंडाळून ठेवा." पण आमच्याकडं ताडपत्रीची घडी घालायची म्हणजे दोघांनी टोकं धरायची, दुमडायची आणि वर नाचून हवा काढायची. तशीच घातली. वर खताची पोती रचली.

दिवाळीनंतर चुलवाण पेटलं आणि तिसऱ्या प्रहरी आभाळ भरून आलं. ताडपत्री उलगडायला घेतली तर प्रत्येक घडीवर ती पापडासारखी मोडली. हातात चौकोन आले. पाऊस कोसळला आणि ढीग डोळ्यांदेखत भिजला. काहिलीत रस अर्धा आटलेला, चुलवाणात नुसता धूर. ते काहिलभर आधण वाया गेलं.

मी म्हटलं, "घडी घालू नका म्हटलं हुतं मी."

वहिनी म्हणाली, "भावजी, ज्याची घडी हुईत न्हाय, ती कसली ताडपत्री?"

मला राग आला. एक चौकोन उचलला आणि चुलवाणातल्या निखाऱ्यावर सगळ्यांसमोर धरला. "बघा. पेटली का?"

भाऊ बसल्या जागेवरून म्हणाला, "न्हाय पेटली. आता चिपाडंबी पेटत न्हाईत. जिकलास तू."

गडी हसले. मी तसाच धरून उभा राहिलो, बोटं पोळेपर्यंत.

दुसऱ्या दिवशी भावानं बाजारातून साधी निळी ताडपत्री आणली. ठिणगीनं जळणारी. ती जळली की तो दुसरी आणतो, पण माझ्याकडून नाही. मी परत कमी पूड घालून कागद काढला, घडी घालून उलगडून दाखवायला घेऊन गेलो. मळ्याच्या वाटेवरच भाऊ भेटला. म्हणाला, "आत ये, रस पी. त्यो कागद तेवढा गाडीतच ठेव."

मी रस प्यालो नाही. गाडी तिथूनच वळवली.