सनदच्या बंगल्यातला तिसरा पत्ता

नोकरीतली बरीच प्रकरणं मी विसरलो. काही मुद्दाम विसरलो. नव्वदच्या दशकातलं, बहारीनमधल्या सनद गावच्या बंगल्यातलं प्रकरण मात्र डोक्यातून जात नाही.

मी मूळचा रत्नागिरीचा, बहारीनच्या पोलिसांत नोकरीला. आपल्याकडचा आरोपी आला की चौकशीला मलाच बसवत. एका शुक्रवारी दुपारी ठाण्यात फोन आला. बोलणाऱ्याने नाव सांगितलं नाही. "सनदला एका बंगल्यात जुगार चालतो, तिथे माणूस पडलाय," एवढंच बोलून त्याने फोन ठेवला.

आम्ही पोचलो तेव्हा बंगला रिकामा होता. जिन्याच्या पायथ्याशी एक फोरमन मरून पडला होता, डोकं संगमरवरी पायरीवर आपटलेलं. वर टेबलावर पत्ते तसेच पसरलेले. पंचनामा केला, पत्ते जप्त केले.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक पन्नाशीचा शिंपी स्वतःच्या पायांनी ठाण्यात आला. माझ्याच जिल्ह्यातला.

"साहेब, पत्ते मी वाटत होतो. धक्का माझ्याच हातून लागला."

"भांडण कशावरून झालं?"

"त्याचे सहा झाले होते. त्याने आणखी एक पत्ता मागितला, मी दिला नाय. त्याने माझी गचांडी धरली."

मी जबाब लिहून घेतला, सहीही घेतली. आयता कबुलीजबाब कोणाला नको असतो? मला पत्त्यांतलं तीन पत्तीपलीकडे काही कळत नव्हतं, आणि तेव्हा त्याची लाजही वाटली नाही.

त्याच संध्याकाळी कोपऱ्यावरच्या दुकानदाराने बंगल्यासमोर उभ्या राहणाऱ्या एका गाडीचा नंबर दिला. गाडी पुण्याच्या एका अकाउंटंटची निघाली. हा गृहस्थ घामाने भिजला होता. झटापटीच्या वेळी आपण बाथरूममध्ये होतो, हे त्याने चार वेळा सांगितलं. खेळाबद्दल विचारलं तेव्हा मात्र त्याला कंठ फुटला.

"बॅकरा म्हणतात याला. बाजू दोन, प्लेअर आणि बँकर. ही नुसती नावं. पैसे आधीच कुठल्याही बाजूवर लावायचे. दोघांना दोन-दोन पत्ते. एक्का म्हणजे एक, दश्शी आणि चित्रं शून्य. बेरजेतला दहा सोडून द्यायचा. सात आणि आठ पंधरा, म्हणजे पाच. नऊच्या जवळ जाईल तो जिंकला. कोणाला पहिल्याच दोन पत्त्यांत आठ किंवा नऊ आले की डाव तिथेच खलास."

"नाही आले तर?"

"प्लेअरला पाचपर्यंत असतील तर तिसरा पत्ता मिळतो. सहा-सातवर नाही. बँकरचंही कोष्टक ठरलेलं आहे, सातवर त्यालाही नाही."

"पण सहावर एखाद्याने मागितलाच तर?"

"मागतो कसा, साहेब? या खेळात कोणी काही मागत नाही. पैसे लावले की आपलं काम संपलं."

मी शिंप्याला बोलावलं आणि जप्त केलेले पत्ते पुढे ठेवले. "वाटा, भाय."

त्याने गड्डी उचलली. "किती किती वाटू?"

मला चीड आली, त्याची आणि त्याहून जास्त स्वतःची. "कोणाला वाचवताय?" तो खाली बघून म्हणाला, "आईला वचन देऊन आणलंय त्याला. माझ्या व्हिसावर." आमच्या कोकणात थोरल्याने धाकट्याला व्हिसा पाठवला की त्याचं बरंवाईट थोरल्याच्या माथी. पण फास मागून घेण्यापर्यंत गेलेला मी हा एकच पाहिला.

त्याच्या धाकट्या भावाला हिद्द भागातल्या खोलीवरून आणलं. पंचविशीचा, केस नीट विंचरलेले. मी एवढंच विचारलं, "तुझ्या भावाने केलं?"

"हो साहेब. भायनेच केलं. त्याला राग लवकर येतो." क्षणाचाही विचार नाही. वर म्हणतो, "मला कधी सोडणार? उद्या ड्युटी आहे."

अकाउंटंटला समोर उभं केलं. धाकट्याला पाहताच त्याची बाथरूमची थाप विरघळली. त्याने सांगितलं, पत्ते हा धाकटाच वाटायचा. प्लेअरला सहा, बँकरला सात. फोरमनचे पैसे बँकरवर, म्हणजे तो जिंकलेला होता. तरी याने बँकरला तिसरा पत्ता ओढला. फोरमनने हात धरला, झटापट जिन्यापर्यंत गेली आणि याने ढकललं. तासाभराने धाकट्याने कबूल केलं, तेही भावाला शिव्या घालत: "साधं खोटंही धड बोलता आलं नाही त्याला!"

त्या प्रकरणानंतर एक सवय लागली. कबुली आयती आली की मी आधी तिच्यावरच संशय घ्यायचो. तरुण अधिकाऱ्यांनाही हेच सांगत आलो. पुढचं मात्र त्यांना कधी सांगितलं नाही.

थोरल्याला सोडताना त्याच्या वस्तू परत दिल्या. कात्री, टेप, चष्मा. तो दारात थांबला.

"साहेब, त्याने आपणहून कबूल केलं का?"

खरं सांगणं माझं काम होतं. आयुष्यभर मी तेच केलं होतं.

"हो," मी म्हणालो. "भायला सोडा, मीच केलं, म्हणाला. तुमचं नाव ऐकून रडला."

त्याने चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने डोळे पुसले. इतका समाधानी चेहरा मी त्या ठाण्यात कोणाचा पाहिला नाही.

"मनाचा वाईट नाय तो," थोरला म्हणाला. "घरी आईला हेच लिहितो."